मिवाचा डोंगर आणि ओमिवा जिंजा: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

ओसाकात राहायला आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. क्योतो, नाराची हरणं, ओसाकाचा किल्ला, आणि जमलं तर फुजी. मी मात्र प्रत्येकाला एकदा तरी मिवाला चल म्हणते आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच उत्तर टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मी तिथे दोनदा गेलेय, एकदा एकटी आणि एकदा आईला घेऊन. आई नाशिकची, वय ७०, गुडघे कुरकुरतात, आणि देवळात गेल्यावर आधी गाभारा शोधते. तिचे प्रश्नही यात आलेत, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त चांगले होते.

हे नक्की आहे कुठे?

नारा प्रांतात, साकुराई नावाच्या गावात. नारा शहराच्या दक्षिणेला. डोंगराचं नाव मिवा, उंची ४६७ मीटर, आणि पायथ्याशी ओमिवा जिंजा, म्हणजे ओमिवाचं देऊळ. लांबून बघितलं तर डोंगर अगदी लहान मुलाने चित्रात काढावा तसा, गोलसर त्रिकोणी, वर दाट झाडी. यात बघण्यासारखं काय असं वाटू शकतं. मलाही ट्रेनमधून पहिल्यांदा दिसला तेव्हा तसंच वाटलं होतं.

देव कोणता? मूर्ती कशी आहे?

मूर्ती नाहीये. आणि नुसती मूर्ती नाही असं नाही, गाभाराच नाहीये. जपानमधल्या बहुतेक जिंजांमध्ये पुढे लोकांनी नमस्कार करायचा हॉल असतो, त्याला हाइदेन म्हणतात, आणि मागे देवाचं घर, होन्देन, तिथे आपल्याला जाता येत नाही. मिवाला हाइदेन आहे, होन्देन नाही. कारण मागचा अख्खा डोंगरच देव आहे. म्हणजे डोंगरावर देव राहतो असं नाही, डोंगर हेच देवाचं शरीर. देवाचं नाव ओमोनोनुशी. आईने याचं पहिल्या दहा मिनिटांत "ओमनोशी" केलं आणि मग तेच चाललं.

आत्ताचा हाइदेन १६६४ सालचा, चौथा शोगुन (तेव्हाचा लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएत्सुना याने बांधून घेतलेला. त्याच्या मागे तीन कमानी एकमेकींना जोडलेली एक तोरी, म्हणजे जिंजाची वेस, आहे, मधली मोठी आणि बाजूला दोन लहान. ती समोरून दिसत नाही. हाइदेन, मग तोरी, मग डोंगर, असा क्रम. म्हणजे तुम्ही हात जोडून उभे राहता तेव्हा समोर एक लाकडी इमारत असते आणि ती फक्त मधली खोली आहे.

आई पायऱ्या चढून वर आली, हाइदेनसमोर उभी राहिली, डावीकडून वाकून बघितलं, उजवीकडून वाकून बघितलं, आणि मला म्हणाली, "अगं पण दर्शन कुठून घ्यायचं?" मी म्हटलं, आई, मागे डोंगर आहे तोच. तर म्हणे, "तो तर स्टेशनावरूनच दिसत होता." मग जरा थांबून, "म्हणजे दर्शन मघाशीच झालं की." मला यावर काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाही, कारण आपल्याकडे दर्शन म्हणजे बघणं, रांगेत चार तास उभं राहून दोन सेकंद का होईना पण डोळे भरून बघणं, आणि इथे जवळ जावं तसा देव दिसेनासाच होतो, हाइदेनसमोर पोचलात की छप्पर आणि झाडं यांच्यामागे डोंगर पूर्ण गायब.

जिंजा म्हणजे बुद्धाचं देऊळ ना?

नाही. बुद्धाचं ते ओतेरा. जिंजा शिंतोचं, म्हणजे जपानच्या स्वतःच्या जुन्या धर्माचं, तिथल्या देवांचं, ज्यांना कामी म्हणतात. पण दोघांची इतकी शतकं सरमिसळ होती की मिवाच्या पायथ्याशीसुद्धा बौद्ध मंदिरं होती, या देवाचीच. १८६८ मध्ये मेइजी सरकारने दोन्ही वेगळं करायचा हुकूम काढला तेव्हा तिथली अकरा मुखांची कान्नोन तिथून हलवली, ती आता साकुराईतच शोरिन-जी नावाच्या मंदिरात आहे आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेली आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. ज्यांना मूर्ती बघितल्याशिवाय चैन पडणार नाही त्यांनी तिकडे पण जाऊन या, आईला मी तिथे नेलं नाही आणि त्यावरून अजून ऐकून घेते.

कसं जायचं?

नाराहून जेआर रेल्वेची साकुराई लाईन, मिवा स्टेशन, अर्धा तास धरा. ओसाकाहून किंतेत्सू या खासगी रेल्वेने साकुराईपर्यंत यायचं आणि तिथून जेआरने एकच स्टेशन. गाडी छोटीशी असते, दोन डब्यांची, आणि तासाला एक-दोनच, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा, ओसाकासारखं दर पाच मिनिटाला गाडी येईल या भरवशावर राहू नका. स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटं. कारने आलात तर आधी ती प्रचंड मोठी तोरी दिसेल, ३२ मीटर उंच, पण ती १९८६ सालची आहे, जुनी नाही. मला ती जरा जास्तच वाटते. चालत येणाऱ्यांनी दुसऱ्या तोरीपासून झाडीतून आत जायचं, तिथून पुढे खडीची वाट, मोठाले सुगी म्हणजे जपानी देवदार, आणि एकदम थंडावा.

चपला कुठे काढायच्या?

काढायच्या नाहीत. आवारात बूट घालूनच फिरतात. आईने तरी हाइदेनसमोर काढल्याच, बाजूला नीट जोडून ठेवल्या, कुणी काही म्हटलं नाही. मागून येणाऱ्या एका आजोबांनी वळसा घालून त्यांना जागा दिली.

नमस्काराची पद्धत काय आहे?

तोरीखालून जाताना थोडं वाकायचं आणि वाटेच्या मधोमध चालायचं नाही, मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडापाशी पळी असेल तर आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची (पळीला तोंड लावायचं नाही, आपल्याकडे पण नसतंच लावत), परत डावा हात, आणि शेवटी पळी उभी करून उरलेलं पाणी दांड्यावरून सोडायचं, म्हणजे पुढच्याला दांडा स्वच्छ. हाइदेनपुढे पेटीत नाणं टाकायचं, दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडून मनात काय ते, आणि परत एकदा वाकायचं. पाच येनचं नाणं चांगलं मानतात, कारण गो-एन म्हणजे पाच येन आणि गो-एन म्हणजे ऋणानुबंध, उच्चार सारखाच.

चुकलात तर काही होत नाही. मी पहिल्यांदा टाळ्या तीन वाजवल्या होत्या.

पाळी असताना गेलं तर चालतं का? सुतक असेल तर?

हा प्रश्न सगळ्या मैत्रिणी खासगीत विचारतात म्हणून इथे उघड लिहिते. शिंतोमध्ये विटाळाची कल्पना आहे, त्याला केगारे म्हणतात, मृत्यू आणि रक्त दोन्ही जुन्या काळापासून त्यात धरले जातात. घरात कुणी गेलं तर साधारण ५० दिवस तोरी ओलांडत नाहीत, ते आजही बरेच लोक पाळतात, आपल्या सुतकासारखंच. पाळीबद्दल मला काउंटरवर कुणी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. बाकी बायकांनी डोंगर चढायला इथे काहीही अडचण नाही. त्याच नारा प्रांतात ओमिने पर्वतावर मात्र आजही बायकांना बंदी आहे, तेव्हा दोन डोंगरांची गल्लत करू नका.

नारळ, फुलं, प्रसाद?

काही नाही. नाणं टाकायचं एवढंच. प्रसाद म्हणून हातावर काही मिळत नाही, ताईत (ओमामोरी) विकत मिळतात, वर्षभराने जुना परत आणून द्यायचा असतो.

पण एक गंमत आहे. हाइदेनच्या उजव्या हाताला एक जुना सुगी आहे, बुंध्याशी पोकळी, त्यात देवाचा साप राहतो असं मानतात. त्याच्यापुढे लोक अंडी ठेवतात. कच्ची अंडी, आणि बाजूला साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या बाटल्या. आईने ती अंडी बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ठेवलीत. मग मी म्हटलं आई, साप आहे, साप काय दूधपोहे खातो का, तर ती म्हणाली आपल्याकडे नागपंचमीला दूध लाह्याच ठेवतात बाई. पण मग तिथे बराच वेळ थांबली. नमस्कार केला. वारुळाला करतात तसा, खाली वाकून जमिनीला हात लावून, आणि शेजारची जपानी बाई बघत राहिली.

साप कुठून आला?

जुन्या दोन गोष्टी आहेत, दोन्ही तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या.

पहिली कोजिकी या जुन्या ग्रंथातली, ते लिहिलं गेलं ७१२ साली. एका सुंदर मुलीकडे रोज रात्री एक देखणा तरुण यायचा, कोण कुठला काही माहिती नाही, आणि तिला दिवस गेले. आईवडिलांनी सांगितलं, त्याच्या कपड्याच्या काठात सुई टोचून दोरा ओवून ठेव. सकाळी बघतात तर दोरा दाराच्या किल्लीच्या भोकातून बाहेर गेलेला, आणि रिळावर फक्त तीन वेढे उरलेले. दोऱ्यामागे गेले तर तो डोंगरातल्या देवळापाशी पोचला. तीन वेढे म्हणजे मि-वा, म्हणून डोंगराचं नाव मिवा. किल्लीच्या भोकातून जाणारा कोण असेल हे गोष्टीत सांगत नाहीत, ऐकणाऱ्याला कळतंच.

दुसरी निहोन शोकी या जुन्या इतिहासग्रंथातली, ७२० सालची, आणि ती मला जास्त लागते. एका राजकन्येचं लग्न या देवाशी झालेलं, पण तो फक्त रात्री यायचा. ती म्हणाली, मला तुमचं तोंड बघायचंय, सकाळपर्यंत थांबा. तो म्हणाला ठीके, उद्या सकाळी मी तुझ्या फणीच्या डबीत असेन, पण बघून दचकू नकोस. तिने डबी उघडली, आत एक सुंदर छोटा साप, कपड्याच्या नाडीएवढा. ती किंचाळली. देवाला लाज वाटली, तो माणसाच्या रूपात आला, मला लाजवलंस म्हणाला आणि आकाशातून डोंगरावर निघून गेला. ती पश्चात्तापाने मट्कन खाली बसली ती नेमकी चॉपस्टिकवर, आणि त्यात गेली. तिची समाधी म्हणून दाखवतात ती हाशिहाका, म्हणजे चॉपस्टिकची समाधी, अजून आहे, जवळच, किल्लीच्या भोकाच्या आकाराची जवळपास २८० मीटर लांब टेकडी. दिवसा माणसांनी आणि रात्री देवांनी बांधली असं लिहून ठेवलंय. आत जाता येत नाही, बाजूच्या तळ्याकाठून बघायची.

मी आईला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "बघायचंच होतं तर गप बघायचं, ओरडायचं कशाला."

डोंगर चढायला मिळतो का?

मिळतो, पण हा ट्रेक नाही हे आधी डोक्यात घ्या. मेइजी काळाच्या आधी सामान्य लोकांना डोंगरात पाय टाकायलाही बंदी होती. आता परवानगी आहे, नियमांसकट.

ओमिवाच्या हाइदेनपासून पाचेक मिनिटं चालत गेलं की साई जिंजा लागतं, ते याच देवाचं उग्र रूप. तिथे काउंटरवर नाव, पत्ता, फोन लिहून फॉर्म भरायचा, ३०० येन द्यायचे, आणि मग एक पांढरा पट्टा मिळतो, गळ्यात घालायचा, त्याला छोटी घंटी असते. तो पूर्ण वेळ गळ्यातच. नोंदणी सकाळी ९ ते १२, आणि ३ च्या आत खाली येऊन पट्टा परत द्यायचा. जाऊन येऊन साधारण ४ किलोमीटर, लोक दोन ते अडीच तासात येतात. सणांच्या दिवशी, नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस, आणि पाऊस-वादळ असेल तेव्हा बंद. निघण्याआधी त्या दिवसाचं विचारून घ्या.

वर फोटो नाही, खाणं नाही, पाणी चालतं. पान, दगड, माती काही उचलायचं नाही. झाडं तोडत नाहीत. आपल्याकडच्या देवराईत काडीसुद्धा घरी न्यायची नाही म्हणतात ना, तसं, फक्त इथे सगळा डोंगरच देवराई. वर संडास नाही, हे महत्त्वाचं, आधी जाऊन घ्या.

सुरुवातीला छोट्या दारापाशी कागदी झिरमिळ्यांची काठी ठेवलेली असते, ती स्वतःच स्वतःवर डावीकडे-उजवीकडे-डावीकडे हलवायची आणि मग आत. पुजारी वगैरे कुणी नसतं. हे मला फार आवडलं.

अवघड आहे का? बूट कोणते?

सिंहगड किंवा ब्रह्मगिरी चढलेल्या माणसाला जड नाही. पण चढ सरळ आहे, मुळं आहेत, ओलं असलं तर निसरडं. साधे ग्रिपवाले बूट चालतील. काही लोक अनवाणी चढतात, मी मोह होऊनही बूट काढले नाहीत, माझे तळवे एसी ऑफिसचे आहेत.

उशिरा पोचलो तर सोडतात का?

नाही. मला विचारा. पहिल्या वेळी मी नोव्हेंबरात रविवारी आरामात निघाले, साकुराईला गाडी चुकली, मधली अर्धा तास वाट बघत बसले, आणि साई जिंजाला पोचले तेव्हा १२ वाजून २० मिनिटं झाली होती. काउंटरवरच्या माणसाने इतकं वाकून सॉरी म्हटलं की मलाच वाईट वाटलं, पण फॉर्म काही दिला नाही. मी थोडी चिडले. मग काय करायचं, चार तास होते.

साईच्या मागे एक विहीर आहे, औषधी पाण्याची म्हणतात, नळातून पाणी येतं, पेले ठेवलेले असतात. तिथे पाणी प्यायले आणि बाकावर बसले. लोक येत होते, कॅन भरून घेत होते, जात होते. डोंगरातून उतरणाऱ्यांच्या घंट्या आधी ऐकू यायच्या आणि मग माणूस दिसायचा, किण किण किण, आणि मग पानांतून एक दमलेला चेहरा. सगळे बाहेर येऊन डोंगराकडे वळायचे आणि वाकायचे. एक ऑफिसमधला वाटणारा तरुण वाकला तो बराच वेळ उठलाच नाही. मी मोबाईल काढला नाही, का कोण जाणे, काढावासा वाटला नाही. दीड तास तरी बसले असेन.

तिथून मग यामानोबे नो मिचीने चालत हिबारा जिंजाला गेले, वीस-पंचवीस मिनिटं, जपानमधली खूप जुनी वाट आहे ही, आता संत्र्यांच्या बागा आणि भिंतीवर ठेवलेली भाजी, शेजारी पैसे टाकायचा डबा. हिबाराला तर हाइदेनसुद्धा नाही. नुसती ती तीन कमानींची तोरी आणि मागे झाडं. मिवाला जी तोरी दिसत नाही तिचा आकार बघायचा असेल तर इथे बघा. तिथून पश्चिमेला सपाटी आणि पलीकडे निजो डोंगराची दोन शिखरं, विषुवदिनाच्या सुमाराला सूर्य बरोबर त्यांच्या मध्ये मावळतो. मी गेले तेव्हा नोव्हेंबर होता, सूर्य बराच डावीकडे गेला होता, चालायचंच.

ध्यान करायला चांगली जागा आहे का? मौन पाळावं लागतं का?

मौनाचा बोर्ड वगैरे नाही. पण कुणी मोठ्याने बोलत नाही. पद्मासन घालून डोळे मिटून बसण्यासाठी जागा केलेली नाही आणि करूही नका, वाटेत अडथळा होतो. ज्यांना शांत बसायचंय त्यांच्यासाठी माझी आवडती जागा विहिरीजवळचे बाक, किंवा मग ओमिवा नो मोरीवरून दिसणारा देखावा. छोटी टेकाडासारखी जागा आहे, तिथून एका बाजूला मिवाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला यामातोच्या (या भागाचं जुनं नाव) तीन टेकड्या, उनेबी, मिमिनाशी आणि कागु, आणि ती मोठी तोरी खेळण्यासारखी.

६६७ साली राजधानी इथून ओमीला हलवली तेव्हा नुकाता नावाच्या राजघराण्यातल्या कवयित्रीने जाता जाता ढगांना विचारलंय, की मला वळून वळून बघायचंय तर तुम्ही मिवाला का झाकताय, तुम्हाला काही मन आहे की नाही. मी गेले त्या दोन्ही दिवशी आकाश स्वच्छ होतं. एकदा ढगांत बघायचाय.

वर काय आहे?

सांगणार नाही.

खरंच. डोंगरात जे बघितलं ते बाहेर बोलायचं नाही अशी जुनी रीत आहे. तुम्हाला जो नकाशा मिळतो त्यावर लिहिलेलं सांगायला हरकत नाही: मधे एक छोटा धबधबा आहे, सान्को म्हणतात, आणि तीन ठिकाणी मोठमोठे दगड आहेत ज्यांना इवाकुरा म्हणतात, म्हणजे देव बसतो ते दगड, खालचे, मधले आणि वरचे. बास. फोटो शोधलेत तरी बाहेर फार सापडणार नाहीत, आणि सापडले तर बघू नका, आपलंच नुकसान आहे.

माझ्याबद्दल मात्र सांगू शकते. पहिली वीस मिनिटं मी ऑफिसच्या एका ईमेलचं उत्तर मनात लिहीत होते. मग चढ वाढला आणि दम लागला आणि ईमेल गेली. घंटी सारखी वाजत असते, सुरुवातीला तिचा वैताग येतो, नंतर ती थांबली की आपण थांबलोय हे कळतं. समोरून येणारा प्रत्येक जण हळूच कोन्निचिवा म्हणतो. वर पोचल्यावर मी काय मागितलं ते पण सांगणार नाही, कारण काही मागायचं सुचलंच नाही आणि हे आईला कळलं तर ती म्हणेल एवढ्या लांब जाऊन मोकळ्या हाताने आलीस.

आईबाबांना नेता येईल का?

पायथ्यापर्यंत आरामात. थोड्या पायऱ्या आहेत, हळूहळू होतात. मी वर गेले तेव्हा आई विहिरीपाशी बाकावर बसली होती, जपाची माळ, स्वेटर आणि बाटली घेऊन. तिला जपानी येत नाही, तिथे कुणाला मराठी येत नाही. मी आले तोवर तिची एका आजींशी ओळख झालेली, आजींनी तिला पाणी कसं भरायचं दाखवलं होतं आणि आईने त्यांना खडीसाखर दिली होती. बोलल्या काय, माहीत नाही.

शाकाहारी खायला मिळेल का?

हा खरा अवघड प्रश्न. मिवाचे सोमेन प्रसिद्ध आहेत, गव्हाच्या अगदी बारीक शेवया, हिवाळ्यात ताणून ताणून वाळवतात. आईने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाली, ह्या तर आपल्या शेवया. बरोबर आहे, पण ज्या रश्श्यात देतात तो कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा असतो, जवळपास नेहमीच. विचारलं तरी बऱ्याचदा "मासा नाही" म्हणतात कारण माशाचे तुकडे नसतात, रसात तो असतो हे धरतच नाहीत. म्हणून कडक शाकाहारी असाल तर सुकी पाकिटं घ्या आणि घरी करा. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती, आवाराबाहेर बसून खाल्ली. घरी येऊन आईने त्या सोमेनची खीर केली. चांगली झाली होती, जरा मिठाची चव लागली कारण सोमेनमध्ये मीठ असतं, आधी धुवून घ्या.

आणि दर ५ फेब्रुवारीला या वर्षी सोमेनचा भाव काय राहील याचा कौल देवाकडून घेतात, देवळात विधी होतो, व्यापारी हजर असतात. भेंडवळची घटमांडणी ज्यांनी बघितलीय त्यांना हे अजिबात नवल वाटणार नाही.

हा दारूचा देव आहे असं ऐकलं, खरं का?

खरं. सोशल मीडियावरच्या काकांनी सांगितलेल्या गोष्टींत ही एक खरी निघाली. जुन्या कवितेत मिवाच्या आधी "गोड साके" असं विशेषणच लागतं. रोगाची साथ आली होती तेव्हा सम्राट सुजिनच्या स्वप्नात हा देव आला, माझ्या वंशजाकडून माझी पूजा करून घे म्हणाला, तो ओतातानेको नावाचा माणूस शोधून काढला, पूजा झाली, साथ थांबली, आणि देवासाठी साके बनवणाऱ्या इकुहीचं पण इथे छोटं देऊळ आहे. जपानभर साकेच्या दुकानांवर सुगीच्या पानांचा गोल गोळा टांगलेला असतो बघा, तो सुगीदामा, त्याचं मूळ इथलं. नवी साके आली की हिरवा गोळा लावायचा, वर्षभरात तो तपकिरी होतो. इथल्या हाइदेनला टांगलेला जवळपास दीड मीटर रुंद आहे आणि १४ नोव्हेंबरच्या सणासाठी नवा लावतात, त्या दिवशी साके बनवणारे लांबून लांबून येतात.

साथीच्या गोष्टीमुळेच हा औषधाचा पण देव. १८ एप्रिलला फुलं झडताना रोग पसरतो म्हणून फुलांना शांत करायचा सण असतो, औषध कंपन्या आपापली औषधं आणून ठेवतात. आईने बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप पर्समधून काढून हाइदेनच्या दिशेने दाखवली, आम्ही गेलो ती तारीख ती नव्हती तरी.

कधी जावं?

नोव्हेंबरचा शेवट किंवा एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये डास आणि घाम. नव्या वर्षाच्या मध्यरात्री पायथ्याच्या १८ छोट्या देवळांना मशाली घेऊन फिरतात, बघण्यासारखं आहे पण गर्दी भयंकर, शांतता हवी असेल तर तेव्हा जाऊ नका. सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी नऊला पोचा.

गळ्यातला पट्टा परत द्यायला विसरलं तर?

विसरू नका, कारण पट्टे मोजतात आणि एक कमी निघाला तर कुणीतरी वर राहिलंय असं धरतात. मी विसरले होते. खाली आले, तहान लागली होती, काउंटर ओलांडून सरळ मागे विहिरीकडे गेले. आईची पाठ होती माझ्याकडे. ती मागे न बघता आजींना म्हणाली, मराठीतच, "आली बघा आमची." मी विचारलं तुला कसं कळलं तर म्हणाली, "संध्याकाळी गोठ्यात गाय येते तशी वाजत आलीस की." आणि मग पाणी पिता पिता काउंटरवरची मुलगी धावत आली, माझ्या गळ्याकडे बोट दाखवत, मी पट्टा काढून दोन्ही हातांनी दिला, तिने दोन्ही हातांनी घेतला, आम्ही दोघी तीन-तीनदा वाकलो, आणि आजी आणि आई बाकावर बसून हसत होत्या.